एक लिटरचा जार आणि सोसायटीचा एसटीपी

दोनशे सदनिका, घरटी पाच माणसं. माणशी रोज 135 लिटर धरले तर या सोसायटीला 1 लाख 35 हजार लिटर पाणी लागतं. त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पात येतं. फ्लशला माणशी 45 लिटर, म्हणजे रोजचे 45 हजार लिटर तिथूनच भागू शकतात. दहा हजार लिटरचे साडेचार टँकर! तरीही कित्येक इमारतींत हे प्रक्रिया केलेलं पाणी पिवळट, वास मारणारं येतं आणि कंटाळून फ्लशला पुन्हा चांगलं पाणी जोडलं जातं. दोष वाळूच्या फिल्टरवर ढकलतात. बिघाड बहुतेकदा त्याच्या आधी, एरेशन म्हणजे हवा देण्याच्या टाकीत असतो.

या टाकीत ब्लोअरच्या हवेवर जीवाणू वाढतात, मैल्यातले सेंद्रिय पदार्थ खातात आणि एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. पुढच्या सेटलिंग टाकीत ते तळाशी बसतात, वर स्वच्छ पाणी उरतं. बसलेला गाळ फेकायचा नाही, परत एरेशनमध्ये आणायचा, हे 1914 मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवलं. आजही बहुतेक ठिकाणी त्यावरच चालतं.

म्हणून रोज एक चाचणी कराच. एरेशन टाकीतलं पाणी एक लिटरच्या मोजपात्रात घ्या, 30 मिनिटं हलवू नका. गाळ 250 ते 350 मिलिलिटरवर आणि वरचं पाणी नितळ असेल तर उत्तम. शंभरच्या खाली असेल तर जीवाणू कमी आहेत. अर्ध्या रिकाम्या नव्या इमारतीत त्यांना पुरेसं खाद्यच मिळत नाही. सहाशेच्या वर गेला तर दोन शक्यता. नमुन्यात तेवढंच प्रक्रिया केलेलं पाणी मिसळून पुन्हा बघा. आता झरझर बसला तर गाळ नुसता जास्त झालाय, तो फिल्टर प्रेसला (गाळातलं पाणी पिळून काढणाऱ्या यंत्राला) काढा. तरीही बसेना, तर तंतुमय जीवाणू माजलेत; बहुधा प्राणवायू कमी पडतोय. तो लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या आसपास हवा. बसलेला गाळ तासाभरात बुडबुड्यांसह वर आला, तर नायट्रेटपासून नायट्रोजन वायू बनतोय. सेटलिंग टाकीतला गाळ लवकर परत फिरवा. (एमबीबीआर या दुसऱ्या प्रकारच्या एसटीपीमध्ये बरेचसे जीवाणू प्लास्टिकच्या चकत्यांवर असतात, तिथे ही चाचणी इतकी बोलकी नाही.)

जारमधलं पाणी काळं आणि कुबट असेल तर ब्लोअर बराच वेळ बंद होता. वीज वाचवायला रात्रभर ब्लोअर बंद ठेवणं ही सर्वांत महागडी काटकसर आहे. जनरेटरवरही ब्लोअर चालायलाच हवा. पाण्याच्या टाक्या धुतल्यावर ब्लीचिंगचं पाणी एकदम मैलवाहिनीत सोडू नका. त्याने जीवाणू मरतात.

शेवटी हायपोक्लोराइट, म्हणजे जंतू मारणारं क्लोरीनचं द्रावण. क्लोरीनला अर्धा तास द्या आणि वरच्या फ्लशच्या टाकीत लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम उरतो का ते किटने तपासा. पाण्यात अमोनिया शिल्लक असेल तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतो. मग डोस वाढवत बसू नका, एरेशन सुधारा.

पंप अडकला म्हणून कुणाला टाकीत उतरवू नका. सडलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि तो जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो. बुडीत पंप गाइड रेलवर बसवून घ्या, साखळीने वरूनच ओढून काढता येतो.