शीव, बांध, हद्द आणि आता बाऊंड्री

मध्य रेल्वेच्या फलाटावर पाटी ‘शीव’ची असते आणि गाडीतली बहुतेक माणसं ‘सायन’ला उतरतात. नाव मूळचं शीवच. संस्कृत ‘सीमा’ बोलण्यात झिजत झिजत मराठीत ‘शीव’ झाली. हे ठिकाण खरोखरच शीव होतं. 1665 मध्ये मुंबई इंग्रजांच्या हाती आली, तेव्हा खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली. म्हणून इंग्रजांनी पहाऱ्यासाठी इथल्या टेकडीवर किल्ला बांधला. तो अजून उभा आहे.

गावाकडे हा शब्द अजून जिवंत आहे. शिवेच्या आतली शेती ते शिवार, दोन गावांच्या मधून जाणारा तो शिवरस्ता. वऱ्हाड शिवेवर आलं की मुलीकडचे सामोरे जाऊन नवरदेवाची पूजा करायचे, ते सीमांतपूजन. आता ते आदल्या संध्याकाळी कार्यालयातच उरकतं आणि बरेच जण त्याला ‘श्रीमंतपूजन’ म्हणतात, कारण त्यातली सीमा कुणाला दिसेनाशी झाली. दसऱ्याला सोनं लुटायला शिवेबाहेर जायचं ते सीमोल्लंघन. लोकांच्या तोंडी त्याचं ‘शिलंगण’ झालं. पाऊस संपून वाटा मोकळ्या झाल्या की मोहिमा याच मुहूर्तावर निघत.

शीव ओळखायची कशी, हा प्रश्न फार जुना. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेवर वड, पिंपळ, पळस, सावर अशी झाडं लावायला सांगितली आहेत. शिवाय जमिनीत कुजत नाहीत अशा वस्तू पुरून ठेवायच्या: दगड, हाडं, कोंडा, राख, खापऱ्या, कोळसे, वाळू. वाद पेटलाच तर साक्षीदारांनी तांबडी वस्त्रं नेसून, डोक्यावर माती घेऊन शपथेवर सीमा दाखवायची. त्या मातीची शपथ मोडणं माणसाला जड जात असणार.

इंग्रजी अमलात साक्षीदाराची जागा साखळीने घेतली. 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जी मोजणीची आणि शेतसाऱ्याची पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाखाभर गेली. साखळी 33 फुटांची, तिचे भाग सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आज मोजणीदार उपग्रहावर चालणारं यंत्र घेऊन येतो, पण गुंठा त्याच साखळीचा आहे. खरेदीखतात चतुःसीमाही लिहाव्या लागतातच: पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा.

तरी खरं भांडण कागदावर होत नाही, बांधावर होतं. नांगरताना बांधाला लागून एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्त घ्यायचं, बांधाची माती आपल्या वावरात ओढायची. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. याला ‘बांध कोरणे’ म्हणतात. हातभर रुंद बांध वितीवर येतो, त्यावरची बोर एका कडेला लोंबायला लागते आणि मग एका सकाळी शेजारी काठी घेऊन उभा राहतो. त्या मातीत पीक किती येणार? पण सख्ख्या भावांची बोलणी याच वितीवरून तुटलेली असतात. बांध दोघांचा असतो, त्यावरून दोघांनीही चालायचं असतं, हे विसरलं जातं, तेच मला सगळ्यात जास्त लागतं.

‘हद्द’ अरबीतून फारसीच्या वाटेने आली आणि कचेरीत रुळली. पोलीस ठाण्याची हद्द, पालिकेची हद्दवाढ, 1951 च्या पोलीस कायद्याखाली होणारी हद्दपारी. शेताची ती शीव, ठाण्याची ती हद्द, आणि बेळगावचा प्रश्न निघाला की मात्र पुन्हा संस्कृत: सीमाप्रश्न, सीमाभाग, सीमावासीय. चिडल्यावर मात्र आपण सगळेच ‘हद्द झाली’ म्हणतो.

आता घराघरांत ‘बाऊंड्री’ ऐकू येते, आणि ती क्रिकेटची नव्हे. ‘मला माझ्या बाऊंड्रीज आहेत,’ असं नोकरी करणारी मुलगी आईला सांगते. मराठीत याला ‘मर्यादा’ हा शब्द होता की, असं कुणी म्हणेल; त्याचाही मूळ अर्थ सीमा, किनारा असाच. पण पिढ्यान् पिढ्या घरात ‘मर्यादा सांभाळ’ हे सुनेला आणि मुलीलाच ऐकवलं गेलं. स्वतःची रेघ स्वतः आखताना तिला तो शब्द जवळचा वाटत नाही, यात तिची काहीच चूक नाही.