महाशीर वाढला, पण कोणता?

महाशीर म्हणजे नदीतला मोठा मासा, आणि त्याच्या जाती अनेक. 'महाशीर वाचवला' अशी बातमी आली की मी आधी फोटोतल्या माशाचे पर बघतो. निळसर असले तर तो आपला खुदरी महाशीर. त्याची नव्यानं ओळख नको. १८३९ साली साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून ज्याचं वर्णन केलं आणि महाडजवळ वाळणकोंडीत ज्याला देवाचा मासा म्हणून खाऊ घालतात, तोच हा.

दुसरा कावेरीचा कुबडा महाशीर. डोक्यापासूनच उठलेली पाठ, नारिंगी शेपूट. १९४६ साली १२० पौंडांचा गळाला लागला होता. ओळखायला एवढं पुरे, खवले मोजायची हौस असेल त्यानं मोजावेत.

खरा घोळ संख्येचा आहे. लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात १९७०च्या दशकापासून खुदरीची पैदास होते. तिथली पिल्लं कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण कुबडा फक्त कावेरी खोऱ्यातला, जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि खुदरी तिथे उपरा. वाघ कमी झाले म्हणून बिबटे सोडायचे आणि 'मोठी मांजरं वाढली' म्हणायचं, त्यातली ही गत!

मासा धरून परत सोडणाऱ्या गळवाल्यांच्या १९९८ ते २०१२च्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. कावेरीच्या राखलेल्या पट्ट्यात महाशीर भरपूर वाढलेला, पण ती वाढ निळ्या परांच्या खुदरीची. कुबडे कमी कमी होत गेले आणि जे लागले ते मोठमोठे. मोठा मासा म्हणजे नदी बरी, असं वाटतं ना? उलट आहे. लहान मासे लागत नाहीत, म्हणजे नवी पिढी तयारच होत नाही.

सगळा दोष खुदरीवर ढकलणंही मला पटत नाही. धरणं, वाळूउपसा, जिलेटिनच्या कांड्या हेही होतंच. पण घटता कुबडा एकूण आकड्याआड झाकला गेला तो खुदरीमुळेच. कावेरीच्या पांबार या उपनदीतला, 'टॉर रेमादेवी' असं शास्त्रीय नाव असलेला मासा म्हणजे हा कुबडाच, हे २०१८ साली सिद्ध झालं आणि मगच कुबडा धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' ठरला. खुदरी त्याच यादीत सर्वांत कमी चिंतेच्या गटात आहे.

कुबड्याची थोडीफार आशा आता कावेरी खोऱ्यातल्याच मोयार नदीत आहे. तिथे कुणी लोणावळ्याची पिल्लं घेऊन जाऊ नये. हार घालून, फोटो काढून तर नकोच नको.