शासकीय कर्मचाऱ्यांची कार्यप्रेरणा (महाराष्ट्र शासन)

सरकारी नोकर कशामुळे मन लावून काम करतो आणि कशामुळे अंग चोरतो, याचा विचार लोकप्रशासनात ‘कार्यप्रेरणा’ या संकल्पनेखाली होतो. महाराष्ट्र शासनात पगाराचा तिच्यातला वाटा समजला जातो त्याहून कमी आहे. वार्षिक वेतनवाढ झटून काम करणाऱ्याला आणि जेमतेम करणाऱ्याला सारखीच मिळते. पगार कमी पडला तर नाराजी वाढते, पण पुरेसा मिळतो म्हणून फाइल लवकर हलत नाही.

पदोन्नती मुख्यतः ज्येष्ठता यादीवर चालते. वरची पदे मोजकी असल्याने कुंठितता येते, म्हणजे कर्मचारी वर्षानुवर्षे त्याच पदावर अडकतो. सातव्या वेतन आयोगानंतर आश्वासित प्रगती योजनेत 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर वरचे वेतन मिळते. खुर्ची मात्र तीच राहते. वरिष्ठाने दरवर्षी लिहायच्या गोपनीय अहवालातील (कामाच्या मूल्यमापनातील) प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देव दत्त खटल्यात ठरवले. निर्णय न्याय्यच होता. पण प्रतिकूल शेरा लिहून कर्मचाऱ्याच्या अभिवेदनाला (लेखी हरकतीला) उत्तरे देत बसण्यापेक्षा ‘चांगला’ लिहून मोकळे होणे साहेबांना सोयीचे वाटते.

खरा लगाम बदलीचा. 2005 च्या बदल्यांच्या कायद्याने सर्वसाधारण पदावधी 3 वर्षांचा आणि बदल्यांचा हंगाम एप्रिल-मेचा ठरवला. त्यातच कारणे नोंदवून, वरिष्ठांच्या मान्यतेने मुदतपूर्व बदली करण्याची वाटही ठेवली. ‘साइड पोस्टिंग’ची, म्हणजे बिनमहत्त्वाच्या जागी टाकले जाण्याची, धास्ती तिथूनच येते आणि अनेक वाद ‘मॅट’मध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जातात.

दुसरी भीती विभागीय चौकशीची. निर्णय घेतला तर पुढे लेखा आक्षेप (हिशेब तपासणीतील हरकत) निघू शकतो. न घेतल्याबद्दल जाब क्वचितच विचारला जातो. म्हणून फाइल दुसऱ्याकडे ढकलणारी ‘अभिप्राय घ्यावेत’ ही टिप्पणी इतकी लोकप्रिय. वर आलेल्या 2005 च्या बदल्यांच्या कायद्यातच फाइल 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवू नये, अशी तरतूद आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित (त्याखाली जाहीर केलेल्या) सेवांतील विनाकारण विलंबाला 500 ते 5,000 रुपये दंड ठेवला. मात्र त्रुटी काढून फाइल परत पाठवली की मुदतीचा प्रश्नच मिटतो.

जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात कार्यप्रेरणेसाठी वेगळी दिशा धरली. पगार आणि सेवानियम त्यांच्या हातात नव्हतेच. त्यांनी अभिलेखांची मांडणी, बसण्याची रचना आणि कामाची पद्धत बदलली. ‘लखीना पॅटर्न’ म्हणून तो प्रयोग पुढे इतर कार्यालयांतही गेला.