खिंडार कुठे पडलंय, ते आधी शोधा

वैद्यकीय परीक्षेची उजळणी करताना इम्युनोलॉजी (प्रतिकारशक्तीचं शास्त्र) एका वहीत आणि संसर्गजन्य रोग दुसऱ्या वहीत, अशी वाटणी बहुतेक जण करतात. घोळ तिथेच होतो. एकीकडे इंटरल्यूकिनचे (प्रतिकारपेशींमधल्या निरोप्या रेणूंचे) आकडे घोकले जातात, दुसरीकडे जंतूंच्या याद्या. प्रश्न मात्र दोन्हींच्या सांध्यावर येतो. इतक्या महिन्यांचं बाळ, वारंवार अमुकच संसर्ग, तर बिघाड कुठे? म्हणून सुरुवात जंतूपासून न करता प्रतिकारशक्तीतल्या खिंडारापासून करावी.

कोऱ्या कागदावर चार नावं लिहा: अँटिबॉडी (जंतूला चिकटणारी प्रथिनं), टी-पेशी (प्रतिकाराची सूत्रं हलवणाऱ्या पांढऱ्या पेशी), भक्षक पेशी (जंतू गिळणाऱ्या), कॉम्प्लिमेंट (जंतूवर हल्ला करणारी रक्तातली प्रथिनं). प्रत्येकीपुढे, पुस्तक न उघडता, तिचं काम, ती नसेल तर कोणते जंतू माजतात आणि बिघाड कोणत्या तपासणीत दिसतो, एवढं लिहा. मग पुस्तक उघडा आणि चुका वेगळ्या शाईने दुरुस्त करा. हाच कागद दोन दिवसांनी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी पुन्हा कोरा घेऊन भरायचा. नुसतं पुन्हा वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं, पण ओळखीचं वाटणं म्हणजे आठवणं नव्हे.

अँटिबॉडीचं उदाहरण घ्या. न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस या जीवाणूंभोवती शर्करेचं निसरडं कवच असतं. त्यावर अँटिबॉडी किंवा कॉम्प्लिमेंट चिकटल्याशिवाय भक्षक पेशींना ते नीट पकडता येत नाहीत. म्हणून ब्रुटनच्या आजारात, जिथे अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी तयारच होत नाहीत, कान, सायनस आणि फुप्फुसांचे संसर्ग पुन्हा पुन्हा होतात. पहिले काही महिने मात्र बाळ ठणठणीत असतं, कारण आईची आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार) नाळेतून आलेली असते. तिचं अर्धायुष्य साधारण तीन आठवडे, त्यामुळे सहाव्या महिन्याच्या सुमारास ही शिदोरी संपत येते. प्रश्नातलं वय तिथून येतं. आयजीएम हा दुसरा प्रकार नाळ ओलांडत नाही. नवजाताच्या रक्तात एखाद्या जंतूविरुद्ध आयजीएम सापडली तर ती बाळानेच बनवलेली, म्हणजे संसर्ग गर्भातच झाला असावा.

कॉम्प्लिमेंटमध्ये सी५ ते सी९ हे शेवटचे घटक जंतूच्या पडद्याला भोक पाडतात. ते नसतील तर नायसेरिया गटातल्या जीवाणूंचे संसर्ग उलटतात. त्याच गटातल्या मेनिंजोकॉकसचा मेंदूज्वर दुसऱ्यांदा झाला की सीएच५० ही कॉम्प्लिमेंटची तपासणी आठवावी. एक्युलिझुमॅब हे औषध सी५लाच अडवतं, म्हणून शक्य असेल तेव्हा ते सुरू करण्याच्या किमान दोन आठवडे आधी मेनिंजोकॉकसची लस देतात. हा धागा एकदा जुळला की औषधशास्त्रातला तो प्रश्न वेगळा पाठ करावा लागत नाही.

भक्षक पेशींच्या क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस आजारात गिळलेले जंतू मारायला लागणारं एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर निकामी असतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ॲस्परजिलस, सेराशिया, नोकार्डिया, बर्खोल्डेरिया ही त्यात माजणाऱ्या जंतूंची नावं आणि बिघाड दाखवणारी डीएचआर चाचणी, एवढं पक्कं हवं.

सर्वाधिक गुण बहुधा हेपॅटायटिस बीच्या अहवालावर जातात, आणि तेही तक्ता पाठ असूनही. लशीत विषाणूचं फक्त पृष्ठभागावरचं प्रथिन असतं, गाभ्याचं नसतं. एवढं लक्षात ठेवलं की तक्ता स्वतःच मांडता येतो. केवळ अँटी-एचबीएस (या पृष्ठभागाच्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी) सापडली तर लस घेतलेली. सोबत अँटी-एचबीसी (गाभ्याविरुद्धची अँटिबॉडी) सुद्धा असेल तर आजार होऊन गेलेला. एचबीएसएजी (तेच पृष्ठभागाचं प्रथिन) नाहीसं झालंय आणि अँटी-एचबीएस अजून उमटलेली नाही, अशा मधल्या काळात आयजीएम अँटी-एचबीसी हाच पुरावा उरतो. नेमका हाच अहवाल पाहून ‘संसर्ग नाही’ हा पर्याय निवडला जातो. एचबीएसएजी सहा महिन्यांहून जास्त टिकलं तर आजार दीर्घकालीन.

टी-पेशींचं खिंडार एचआयव्हीमध्ये आकड्यांनी मोजता येतं. सीडी४ (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या टी-पेशी) दर घन मिलिमीटर रक्तात २००च्या खाली गेल्या की न्यूमोसिस्टिस, १००च्या खाली टॉक्सोप्लाझ्मा, ५०च्या खाली एव्हियम गटाचे मायकोबॅक्टेरिया आणि डोळ्यातला सायटोमेगॅलो विषाणू. क्षयरोग या शिडीवर बसवू नका. तो कोणत्याही आकड्याला होतो.

उपचारानंतरचा सापळाही इथेच आहे. एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) सुरू होऊन काही आठवडे झालेत, विषाणू घटलाय, सीडी४ वाढल्यात, आणि रुग्णाचा ताप व गाठी मात्र वाढल्यात. परतलेली प्रतिकारशक्ती आधीपासून दडलेल्या जंतूवर तुटून पडते, त्याचा हा दाह असतो. त्याला आयआरआयएस म्हणतात. अशा वेळी मूळ संसर्गावर उपचार करतात, गरजेनुसार स्टिरॉइड देतात आणि एआरटी सहसा चालूच ठेवतात. क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरात मात्र हा दाह जिवावर बेततो, म्हणून तिथे बुरशीवरचे उपचार आधी आणि एआरटी चार ते सहा आठवड्यांनी.