‘१९२’ लिहिलंय म्हणून वटवाघूळ रेकॉर्ड होत नाही

वटवाघळांच्या, आपल्या कानाला न ऐकू येणाऱ्या हाका टिपायला रेकॉर्डर १९२ किलोहर्ट्झवर लावला, रात्रभर चालू ठेवला, सकाळी स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या वेळी कुठल्या वारंवारितेचा आवाज होता ते दाखवणारं चित्र) उघडला तर २० किलोहर्ट्झच्या वर नुसता करडा धुरळा. मग ठरलेला प्रश्न येतो: ‘सेटिंग कुठलं चुकलं?’ बहुतेक वेळा सेटिंग चुकलेलं नसतंच. रेकॉर्डरचा सॅम्पल रेट (तो सेकंदाला किती वेळा आवाज मोजतो) आणि रेकॉर्डिंगची खरी पोहोच या दोन गोष्टी एकच धरलेल्या असतात. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? इथे सॅम्पल रेट हा पोहरा आणि माईक हा आड. खरेदीच्या वेळी मात्र सगळे पोहरा केवढा तेवढंच विचारतात.

पोहऱ्याचं गणित तुम्हाला ठाऊक आहेच. सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतची वारंवारिता फाइलमध्ये मावते: १९२ असेल तर ९६ किलोहर्ट्झ, २५० ला १२५, ३८४ ला १९२, ५०० ला २५०. संपलं. हा आकडा जागा किती आहे ते सांगतो, त्या जागेत आवाज पोचला का ते नाही.

खरी गोम माईकमध्ये आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. म्हणजे १ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी ३४ सेंटिमीटर, ५० किलोहर्ट्झला जेमतेम ७ मिलिमीटर आणि १०० किलोहर्ट्झला साडेतीनच. आता २५ मिलिमीटर व्यासाचा पडदा असलेला मोठा कंडेन्सर माईक घ्या. ५० किलोहर्ट्झची लहर बाजूने आली, की पडद्यावर एकाच क्षणी तीन-चार लहरींचे उंचवटे आणि खळगे पडतात. ते एकमेकांना खोडतात आणि हाती जवळजवळ काहीच लागत नाही. समोरून आलेला आवाज थोडाफार उमटेल, पण वटवाघूळ काही माईकसमोर येऊन उभं राहत नाही. म्हणून गाण्यासाठी उत्तम असलेला माईक इथे निरुपयोगी ठरतो, आणि काही मिलिमीटरची मेम्स कॅप्सूल (चिपवर कोरलेला चिमुकला माईक) त्याच्यावर सहज मात करते. त्या कॅप्सूलचा स्वतःचा खरखराट जास्त असतो, तिची वारंवारिता-रेषाही सपाट नसते. बऱ्याच कॅप्सूलना २० ते ३० किलोहर्ट्झच्या आसपास अनुनादाचा उंचवटा असतो. चालतंय. श्राव्यातीत, म्हणजे कानाच्या आवाक्यापलीकडचा, आवाज ओळखायचा असेल, तर आधी तो उमटायला हवा.

माईकच्या कागदावर ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थही नीट लावायला हवा. २० च्या पुढे काय होतं, हे त्या ओळीत लिहिलेलंच नसतं. एखादी छोटी इलेक्ट्रेट कॅप्सूल हळूहळू उतरत ४० पर्यंत कामाची राहते, तर एखाद्या माईकच्या आतलं सर्किट मुद्दाम २० ला कापतं. कागदावरून हे कळत नाही, चाचणी घ्यावी लागते. ज्यांची पोहोच खरोखर वरपर्यंत आहे ते उत्पादक ती छापतात: सेनहायझर एमकेएच ८०४० ची ५० किलोहर्ट्झपर्यंत, ८०२० ची ६० पर्यंत, सॅनकेन सीओ-१००के ची १०० पर्यंत. हे माईक उत्तम आहेत. पण केवळ वटवाघळांसाठी ते घेणं म्हणजे भाजी चिरायला तलवार.

बरं, माईक योग्य घेतला तरी पुढे रेकॉर्डरचा प्रीअँप (माईकचा क्षीण आवाज वाढवणारा) आणि कन्व्हर्टर (त्याचे आकडे करणारा) आहेच. आजचे बहुतेक कन्व्हर्टर डेल्टा-सिग्मा पद्धतीचे असतात. ते आपला खरखराट कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातून ढकलून वर नेऊन ठेवतात. संगीतासाठी ही युक्ती छानच. आपल्यासाठी मात्र घरातला कचरा नेमका आपल्याच खोलीत लोटल्यासारखं. सुरुवातीला म्हटलेला करडा धुरळा पुष्कळदा हाच असतो. त्यात फँटम पॉवरचं (रेकॉर्डर माईकला पुरवतो त्या विजेचं) किंवा पॉवर बँकचं स्विचिंग सर्किट आडव्या सरळ रेषा उमटवतं. रात्रभर एकाच वारंवारितेवर जराही न हलणारी रेषा दिसली, तर ती किड्याची नव्हे, विजेची समजा.

सगळ्यात चीड आणणारा प्रकार म्हणजे खोटे १९२. आवाज आत येताना ४८ किलोहर्ट्झवरच पकडलेला, फाइल मात्र १९२ ची. मोबाइलच्या अंगच्या माईकवर चालणारी बरीच ॲप हेच करतात. विंडोजही शेअर्ड मोडमध्ये (सगळे प्रोग्रॅम ध्वनियंत्र वाटून वापरतात तेव्हा), ध्वनी सेटिंगमध्ये जो डिफॉल्ट रेट असेल त्यावर सगळं मुकाट्याने बदलून घेतं. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये ३८४ निवडलं म्हणून ३८४ मिळत नाही. तो रेट ध्वनी सेटिंगमध्येच बदला, नाहीतर प्रोग्रॅमला एक्सक्लुझिव्ह मोड (ध्वनियंत्र फक्त त्याच्याच ताब्यात) द्या. ओळखायची खूण सोपी आहे: स्पेक्ट्रोग्रामवर २४ किलोहर्ट्झला पट्टीने आखल्यासारखं छत दिसतं आणि वर काळाकुट्ट अंधार. तिथे धुरळासुद्धा नसतो. धुरळा असेल तर निदान कन्व्हर्टर खरा आहे.

याच्या उलटही घोटाळा होतो. माईक वरपर्यंत ऐकतो, पण सॅम्पल रेट कमी आणि आधीची गाळणी (न मावणारा आवाज कन्व्हर्टरआधीच अडवणारा फिल्टर) कच्ची. अशा वेळी सॅम्पल रेटच्या निम्म्याच्या वरचा आवाज नाहीसा न होता आरशात दिसावा तसा खाली दुमडतो. लेसर हॉर्सशू वटवाघळाची हाक साधारण ११० किलोहर्ट्झवर स्थिर असते. ती १९२ च्या फाइलमध्ये दुमडली तर दिसते १९२ वजा ११०, म्हणजे ८२ वर. आणि ८२ च्या आसपास हाक देणारं वटवाघूळ खरोखर आहे: ग्रेटर हॉर्सशू. एका जातीची नोंद थेट दुसऱ्या जातीच्या नावावर! वरून खाली उतरणारी हाक दुमडली की उलटी, खालून वर चढताना दिसते. तिथे निदान शंका तरी येते. स्थिर हाकेत तीही येत नाही.

म्हणून निवड आवाजापासून सुरू करा, यंत्रापासून नाही. उंदरांच्या भाऊबंदांत मोठ्या उंदरांचे आवाज २२ आणि ५० किलोहर्ट्झच्या आसपास असतात, कॉमन पिपिस्ट्रेल या वटवाघळाचे ४५ च्या, सोप्रानो पिपिस्ट्रेलचे ५५ च्या. एवढंच हवं असेल तर योग्य माईकसह १९२ पुरतं. हॉर्सशू हवं असेल तर किमान २५०. काही केटिडिड (नाकतोड्यासारखे किडे) १५० पर्यंत जातात, त्यांना ३८४ लागतं. पर्सिव्हलचं त्रिशूळनाक्या वटवाघूळ २१२ किलोहर्ट्झवर ओरडतं, तिथे ३८४ सुद्धा तोकडं पडतं. ५०० लागतं आणि तितकं ऐकणारा माईकही.

पहिली खरेदी असेल तर यूएसबी अल्ट्रासोनिक माईकच घ्या: डोडोट्रॉनिकचा अल्ट्रामाइक किंवा पेटरसनचा एम५००-३८४. कन्व्हर्टर माईकच्याच पोटात असल्यामुळे कॅप्सूल आणि सॅम्पल रेट एकमेकांना साजेसे जुळवलेले असतात, आणि फोनचं स्वतःचं ध्वनियंत्र मध्ये येतच नाही. रात्रभर रानात एकटं ठेवायचं असेल तर ऑडिओमॉथसारखा लॉगर (आपोआप रेकॉर्ड करत राहणारं यंत्र). तो ३८४ पर्यंत जातो. ‘आहे तो रेकॉर्डर वापरून बघू’ हा तिसरा रस्ता, आणि वर सांगितलेले बहुतेक खड्डे त्याच रस्त्यावर आहेत.

तरीही त्याच रस्त्याने जायचं असेल, तर निदान चाचणी घ्या. एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर आर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवर) चालवा; तो दर वेळी ४० किलोहर्ट्झचे आठ ठोके सोडतो. माईक एक मीटरवर ठेवा, गेन (आवाज किती वाढवायचा ते) मध्यम. स्पेक्ट्रोग्रामवर ४० ला ठसठशीत ठिपक्यांची रांग दिसली पाहिजे. मग माईक ९० अंश फिरवा. ठिपके पुसट झाले तर पडदा मोठा आहे. पार गेले तर विषय मिटला. ४० च्या वरचं पाहायला किल्ल्यांचा जुडगा हलवा. त्याचा किणकिणाट श्राव्यातीत पट्ट्यात चांगलाच वर जातो. तो वरती हळूहळू विरत गेला तर कॅप्सूल थकली, एका रेषेवर तुटला तर गाळणी आडवी आली किंवा १९२ खोटे होते.

बाकीचे वाद गौण आहेत. १६ बिट की २४? माईकचाच खरखराट एवढा असताना १६ पुरेत. हेटरोडाइन की टाइम एक्स्पान्शन? पहिलं, म्हणजे हाक तिथल्या तिथे ऐकू येईल एवढी खाली आणणं, जागेवर ऐकायला. दुसऱ्यात फाइल दहापट हळू वाजते आणि ४५ चा आवाज साडेचारवर ऐकू येतो. जात ओळखण्यासाठी हेटरोडाइनचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून आणू नका. मूळ हाकेचा आकार त्यात उरत नाही. स्टिरिओ नकोच. ३८४ वर १६ बिट मोनोसुद्धा तासाला २.७६ जीबी खातो आणि साधी वाव्ह फाइल दीड तासात चार जीबीच्या मर्यादेला टेकते, म्हणून ट्रिगर (आवाज आला तरच रेकॉर्डिंग) लावा किंवा फाइल मिनिटा-मिनिटाला तोडा.

आणि यंत्र झाडाला बांधताना: फोमची टोपी वाऱ्याबरोबर वरचे आवाजही गिळते, प्लास्टिकची पिशवी त्यांना बाहेरच परतवते. माईकचं तोंड किंचित खाली झुकवा, म्हणजे पाणी साचत नाही, आणि पावसासाठी छप्पर वर करा, समोर नको. हवा स्वतःच ४० किलोहर्ट्झला मीटरमागे एक डेसिबलच्या वर आणि १०० ला तीनच्या आसपास शोषते. म्हणजे वीस मीटरवरच्या १०० किलोहर्ट्झच्या हाकेतून ६० डेसिबल वाटेतच गेले, पसरण्यातली घट वेगळीच. तिथे गेन वाढवू नका, यंत्र जवळ न्या.