हेर्डर आणि नॉर्स पुराणकथा

जर्मन तत्त्वज्ञ योहान गोटफ्रीट हेर्डर (१७४४–१८०३) याला स्कँडिनेव्हियाच्या प्राचीन, म्हणजेच नॉर्स, पुराणकथांचे आकर्षण तरुणपणापासून होते. मात्र आपल्या काळातील कवीने या कथांचे करायचे काय, या प्रश्नाचे त्याचे उत्तर काळानुसार बदलत गेले.

जिनीव्हाचा लेखक पॉल आंरी माले याच्या डेन्मार्कविषयक इतिहासग्रंथाचे हेर्डरने १७६५ मध्ये परीक्षण लिहिले. नव्या जर्मन प्रतिभेला या ग्रंथात एक शस्त्रागारच सापडेल, असे त्याने उत्साहाने म्हटले. मालेप्रमाणेच तोही त्या वेळी नॉर्स आणि केल्टिक (प्राचीन गॉल, ब्रिटन व आयर्लंडमधील) परंपरांची सरमिसळ करत होता. दोनच वर्षांनी, १७६७ मध्ये, पुराणकथांच्या आधुनिक वापराविषयी लिहिताना त्याचा सूर सावध झाला. जुन्या देवतांची नावे कवितेत पेरण्यापेक्षा प्राचीनांनी कथा कशा रचल्या हे कवीने शिकावे, अशी त्याची भूमिका होती. क्लॉपश्टॉकसारखे जर्मन कवी तेव्हा ग्रीक देवांच्या जागी नॉर्स देव आणत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या भूमिकेचे वेगळेपण कळते.

पुढे त्याचे लक्ष देवतांकडून गाण्यांकडे वळले. ओसियन या कथित प्राचीन स्कॉटिश कवीविषयीच्या १७७३ च्या निबंधात त्याने स्काल्ड, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातील दरबारी, कवींच्या अनुप्रासबद्ध रचनांची चर्चा केली. ओसियनची म्हणून गाजलेली काव्ये बव्हंशी स्कॉटिश लेखक जेम्स मॅकफर्सनची स्वतःची निर्मिती होती. एड्डा या नॉर्स काव्यसंग्रहातील कविता मात्र अस्सल मध्ययुगीन हस्तलिखितांतून आलेल्या होत्या. ‘लोकगीते’ या संग्रहाच्या १७७९ मध्ये निघालेल्या दुसऱ्या भागात त्याने जगाची उत्पत्ती व अंत सांगणाऱ्या ‘व्होलुस्पा’सह एड्डातील काही कवितांचे अनुवाद दिले आणि त्यांना इतर लोकांच्या गीतांच्या पंक्तीला बसवले.

या विचाराचे सर्वांत प्रगल्भ रूप ‘इडुना’ (१७९६) या संवादात दिसते. जिची सफरचंदे खाऊन देव तरुण राहतात, त्या देवतेचे नाव त्याने या संवादाला दिले. स्वतःच्या विचारपद्धतीतून व भाषेतून उगवलेली पुराणकथा राष्ट्राला हवी आणि जर्मनांसाठी हा नॉर्स वारसा जवळचा आहे, असे येथे सुचवले असले, तरी ग्रीक कलेची श्रेष्ठता नाकारलेली नाही. हा समतोल त्याच्या नावाने पुढे केल्या गेलेल्या राष्ट्रवादी मांडणीत बहुधा हरवतो. जर्मन कवी शिलरने हा संवाद आपल्याच ‘होरेन’ मासिकात छापला, पण त्याला तो पटला नव्हता. कवीने वास्तव जगापासून अंतर राखावे आणि ग्रीक कथांच्या आधारे दूरच्या, आदर्श युगाशी नाते जोडावे, असे त्याने नोव्हेंबर १७९५ मध्येच हेर्डरला पत्राने कळवले होते.