ओसाकातल्या लाइव्ह हाउसच्या दारातले सहाशे येन

तिकीट आधीच काढलेले असते. तरीही ओसाकातल्या एखाद्या लाइव्ह हाउसचा, म्हणजे बँड ऐकायच्या लहानशा जागेचा, अरुंद जिना उतरून तळघरात पोचलात, की दाराजवळच्या टेबलापाशी आणखी ६०० येन मोजावे लागतात. बदल्यात एक टोकन किंवा चिठ्ठी हातात पडते. ती आत बारवर दिली की एक पेय मिळते, मग ती बिअर असो नाहीतर गार ऊलाँग चहा. तहान नाही, मद्य घेत नाही, असे सांगून सुटका होत नाही. पैसे घेता घेता टेबलामागची व्यक्ती विचारते, ‘आज कोणत्या बँडसाठी आलात?’ नवख्याला वाटते, चला, गप्पा सुरू झाल्या. प्रत्यक्षात तिला समोरच्या कागदावर त्या बँडच्या नावापुढे एक रेघ ओढायची असते.

पेय आणि रेघ, दोन्हींमागे बरेच काही घडून गेले आहे. त्यातले सगळ्यात गाजलेले प्रकरण ओसाकातच घडले.

आधी पेयाचे. संगीत, नाटक, सिनेमा लोकांना दाखवण्याच्या जागांसाठी जपानमध्ये १९४८ चा एक वेगळा कायदा आहे. त्याप्रमाणे परवाना घ्यायचा तर हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था, स्वच्छतागृहे, इमारत कुठल्या वस्तीत आहे, अशा बऱ्याच अटी येतात. तळघरात कशीबशी शंभर माणसे मावणाऱ्या जागेला ते झेपत नाही. म्हणून बहुतेक लाइव्ह हाउस खाण्यापिण्याच्या दुकानाचा परवाना काढतात. तो मिळायला तुलनेने सोपा. म्हणजे कागदोपत्री ही जागा खाणावळ, आणि तिथे एका कोपऱ्यात गिटार वाजते ती जाता जाता. आता खाणावळ म्हटली की गिऱ्हाइकाने काहीतरी घ्यायलाच हवे. तिकिटावर ‘पेय वेगळे’ असे छापलेले असते ते यासाठी. यात दुकानाचा नफाही असतोच, ते कोणी लपवत नाही.

‘लाइव्ह हाउस’ हा शब्दही जपानातच जुळवलेला आहे. दोन्ही तुकडे इंग्रजी, पण लंडनच्या माणसाला जोड कळणार नाही. चहा-भजी मिळणाऱ्या टपरीवजा जागेला आपण बिनदिक्कत ‘हॉटेल’ म्हणतो, त्यातलाच प्रकार. वाजवणारी मंडळी मात्र नुसते ‘हाको’ म्हणतात. हाको म्हणजे खोके. आत शिरल्यावर हा शब्द जास्त पटतो.

ओसाका आणि नाचगाणे यांचे पोलिसांशी वाकडे फार जुने आहे. १९२० च्या दशकात दोतोन्बोरीचा परिसर जॅझसाठी देशभर प्रसिद्ध होता. १९२७ च्या सुमारास स्थानिक नियम इतके आवळले गेले, की शहरातले डान्स हॉल बंद पडले. काहींनी प्रांताची हद्द ओलांडून शेजारच्या आमागासाकीत बस्तान हलवले, आणि वादकांनी तोक्योची वाट धरली. १९४० च्या ऑक्टोबरअखेर देशभरातले डान्स हॉल बंद झाले. युद्ध संपल्यावर १९४८ मध्येच, वरच्या करमणूकगृहांच्या कायद्याबरोबर, दुसरा एक कायदा आला. त्याचे आजचे लघुनाव फूएइहो. डान्स हॉल म्हणजे वेश्याव्यवसायाची आडवाट, ही त्या काळची धारणा त्यात जशीच्या तशी उतरली. गिऱ्हाइकांना नाचू देणारा धंदा त्यामुळे थेट पोलिसांच्या परवान्याखाली गेला. १९८४ च्या दुरुस्तीने त्याची पकड आणखी घट्ट झाली.

लाइव्ह हाउसची सुरुवात मात्र नाचातून झालेली नाही. ती कॉफीच्या दुकानांतून झाली. ओसाकाहून गाडीने अर्ध्या तासावर असलेल्या क्योतोत १९७३ मध्ये ‘जित्तोकु’ आणि १९७४ मध्ये ‘ताकुताकु’ सुरू झाले. दोन्ही ठिकाणे जुन्या गोदामांत आहेत, जाड भिंतींची, लाकडी तुळयांची, आणि दोन्ही अजून चालू आहेत. तिथे खरोखरच लोक जेवायला येत आणि त्याबरोबर ब्लूज ऐकत. खाणावळीचा परवाना तेव्हा खोटा नव्हता. ओसाकात पुढे हा प्रकार अधिक कर्कश झाला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जूसोमध्ये ‘फँडँगो’ आणि नांबाच्या तळघरात ‘बेअर्स’ आले, आणि जगभर ज्याला जपानी नॉइझ म्हणतात त्या गोंगाटाला या शहरात हक्काची जागा मिळाली.

याच सुमारास कोणत्या बँडसाठी आलात, या प्रश्नाचाही उगम आहे. दूरचित्रवाणीमुळे बँडची लाट आली आणि रंगमंच कमी, वाजवणारे जास्त अशी अवस्था झाली. मग ‘नोरुमा’ रूढ झाला. शब्द मूळचा रशियन. युद्धानंतर सायबेरियातल्या छावण्यांमधून परतलेल्या कैद्यांबरोबर तो जपानीत आला, अर्थ नेमून दिलेले काम. बँडने ठरावीक तिकिटे खपवायची. समजा २,००० येनांची २० तिकिटे नेमून दिली आणि १२ च खपली, तर उरलेल्या आठांचे १६,००० येन बँडने खिशातून भरायचे. वर खपली तर त्यातला वाटा बँडला. म्हणजे नवख्या बँडच्या बाबतीत लाइव्ह हाउसचे खरे गिऱ्हाईक म्हणजे वाजवणाराच. ही पद्धत कुणाला आवडत नाही आणि ती जातही नाही. दारावरची रेघ याच हिशेबाची. त्यामुळे ‘कुणासाठीच नाही, सहज आलोय’ हे उत्तर प्रामाणिक असले तरी त्या रात्री वाजवणाऱ्या चार-पाच बँडपैकी कुणाच्याच पदरात काही टाकत नाही.

आता मुख्य प्रकरण. अमेरिकामुरा हा शिन्साइबाशीजवळचा भाग, क्लबांनी भरलेला. तिथल्या एका क्लबमधल्या मारामारीनंतर २०१० मध्ये एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. आवाजाच्या, पहाटे रस्त्यावर घोळके थांबण्याच्या तक्रारी आधीपासून होत्याच. त्यानंतर पोलिसांनी १९४८ चा तो नाचाचा कायदा, फूएइहो, कपाटातून काढला. त्याआधी कित्येक वर्षे हे क्लब त्याच कायद्याच्या डोळ्यांदेखत चालले होते. नाचू देऊन पेय विकायचे तर नाइटक्लबचा परवाना हवा, त्यासाठी ग्राहकांची खोली किमान ६६ चौरस मीटर हवी, आणि मध्यरात्री किंवा फार तर एकला दार बंद. लहान जागांना हे जमणारे नव्हते. एकामागून एक धाडी पडल्या. ‘नाचण्यास मनाई’ अशा पाट्या लागल्या. स्पीकर छातीत धडधडत असताना त्या वाचणे हा एक वेगळाच अनुभव.

मराठी वाचकाच्या मनात इथे डान्सबार येणार, म्हणून खुलासा. महाराष्ट्रात २००५ मध्ये बंदी आली ती गिऱ्हाइकांसमोर नाचणाऱ्या स्त्रियांवर. इथे प्रश्न गिऱ्हाइकाने स्वतः, स्वतःच्या पायांवर, नाचण्याचा होता.

४ एप्रिल २०१२ च्या रात्री उमेदाजवळच्या नाकाझाकिचोतल्या ‘नून’ या क्लबवर धाड पडली. दहासुद्धा वाजले नव्हते. ब्रिटिश रॉक चालू होते, नाचणारे वीसेक. मालकासह आठ जणांना अटक झाली. आरोप एवढाच, की परवाना नसताना गिऱ्हाइकांना नाचू दिले. अशा प्रकरणात दंड भरून मोकळे होण्याचा रिवाज होता. मालकाने तो न पाळता खटला लढवला. मग न्यायालयाला नाच म्हणजे काय याचा खल करावा लागला. ताल धरून डोलणे हा नाच का, दोन्ही पाय जागचे हलले तर काय, गुडघे वाकवले तर काय. साक्षीला आलेल्या पोलिसांची उत्तरे एकमेकांशी जुळत नव्हती. हे वाचताना हसू येते, पण आठ जणांची कोठडी याच व्याख्येवर उभी होती.

२५ एप्रिल २०१४ रोजी ओसाकाच्या जिल्हा न्यायालयाने मालकाला निर्दोष ठरवले. कायदा घटनाबाह्य आहे असे न्यायालयाने म्हटले नाही, हे बरेच जण विसरतात. त्याचे म्हणणे एवढेच, की लैंगिक नीतिमत्तेला खरोखर बाधा आणू शकेल असाच धंदा या कायद्याच्या कक्षेत येतो, आणि त्या रात्री तसे काही नव्हते. उच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये हा निकाल कायम ठेवला आणि जून २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकारी पक्षाचे अपील फेटाळले गेले.

तोवर संसदेने कायदाच बदलला होता. वादक, डीजे आणि वकिलांच्या मोहिमेने दीड लाखाहून अधिक सह्या गोळा केल्या होत्या. ऑलिंपिक तोंडावर आलेल्या देशात रात्री नाचायला बंदी कशी, हा युक्तिवाद सह्यांपेक्षा जास्त कामी आला असावा असे मला वाटते. दुरुस्ती जून २०१५ मध्ये मंजूर झाली आणि २३ जून २०१६ पासून लागू. परवान्याच्या अटींतून ‘नाच’ गेला.

त्याच्या जागी आला तो शब्द ‘यूक्यो’. तो नवा नव्हता. मध्यरात्रीनंतर मद्य देणाऱ्या दुकानाने ‘यूक्यो’ करू नये, असे आधीपासूनच लिहिलेले होते, फक्त नाचाच्या गदारोळात त्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. मराठीत मौजमजा, रंजन असे काहीतरी होईल, पण कायद्यातला अर्थ याहून चमत्कारिक आहे. दुकानदाराने पुढाकार घेऊन गिऱ्हाइकांना रंगवणे म्हणजे यूक्यो. पोलिसांच्या खुलाशानुसार, कॅराओकेचे यंत्र ठेवून हवे त्याला गाऊ देणे हे यूक्यो नाही. पण आलेल्या कोणालाही ‘गा हो’ म्हणून आग्रह करणे, त्याच्या गाण्यावर दिव्यांची कमाल करणे किंवा वाहवा करणे हे यूक्यो. आणि कोणाही गिऱ्हाइकाला बँड ऐकवणे हे तर यूक्योच. म्हणजे नाचाला मोकळीक देणारी म्हणून गाजलेली दुरुस्ती लाइव्ह हाउसला मात्र थेट नव्या परवान्याच्या चौकटीत घेऊन आली. मध्यरात्रीनंतर, मद्यासह, संगीत ऐकवायचे तर तो परवाना हवा. तो सरसकट कुठेही मिळत नाही. प्रांताने ठरवून दिलेल्या भागांतच मिळतो, ओसाकात मुख्यतः उमेदाकडचा ‘किता’ आणि नांबाकडचा ‘मिनामी’. खोली किमान ३३ चौरस मीटर हवी आणि उजेड १० लक्सपेक्षा जास्त. सिनेमागृहात खेळ सुरू होण्याआधी असतो तेवढा हा उजेड. तो नाचायच्या जागेत मोजायचा की बसायच्या, यावरही काथ्याकूट झाला आणि बसण्याच्या जागेत मोजण्याची वाट मोकळी ठेवली गेली.

बहुतेक लहान लाइव्ह हाउसना यातले काही भिडले नाही. त्यांचा कार्यक्रम संध्याकाळी सहा-सातला सुरू होऊन दहाच्या आसपास संपतो, कारण शेवटची लोकल सुटली तर बँड आणि श्रोते दोघेही अडकतात. कायद्यापेक्षा वेळापत्रकाचा धाक मोठा. शेजाऱ्यांचाही आहे. ‘फँडँगो’ २०१९ मध्ये जूसोतून उठून साकाइला गेले.

मग २०२० आले. १५ फेब्रुवारीला क्योबाशीतल्या एका लाइव्ह हाउसमध्ये झालेल्या कार्यक्रमातून कोरोनाचा संसर्ग पसरला. महिनाअखेर प्रांताच्या प्रशासनाने त्या जागेचे नाव जाहीर केले, आणि ते करू द्यायला चालकांनी होकार दिला होता. आणखी काही जागांची नावे जोडली जाऊन बाधितांची संख्या ऐंशीच्या आसपास गेली. दुकानांनी माहिती लपवली नाही म्हणून संपर्कात आलेले लोक सापडले आणि मार्चमध्येच ही साखळी संपल्याचे जाहीर झाले. पण बातम्यांतून देशाच्या लक्षात राहिले ते एवढेच, की लाइव्ह हाउस म्हणजे बंद, दाटीची, धोक्याची जागा. ज्यांनी कधी असा जिना उतरला नव्हता त्यांनाही हा शब्द त्या महिन्यात पाठ झाला.

निर्बंधांच्या याद्यांत लाइव्ह हाउस ‘यूक्यो सुविधा’ या मथळ्याखाली आले. पुन्हा तोच शब्द. त्या मथळ्याखाली दोन कप्पे होते, खाणावळीचा परवाना असलेल्या जागा आणि नसलेल्या. असलेल्यांना लवकर बंद करण्याचे, पुढे मद्य न देण्याचे नियम खाणावळींप्रमाणे लागू झाले, आणि वेळ कमी केल्याबद्दल खाणावळींना मिळणारे पैसेही. इतकी वर्षे दारावर पेय विकून जी कागदी ओळख सांभाळली, तिच्यावर २०२१ मध्ये कित्येकांचे भाडे निघाले. आरडाओरडा करून दाद द्यायला श्रोत्यांना पुन्हा पूर्ण मुभा मिळाली ती जानेवारी २०२३ च्या अखेरीस.

पेयाचे तेव्हा बऱ्याच ठिकाणी ५०० येन पडत. आता ६०० धरून चालावे, आणि सुटी नाणी जवळ ठेवावीत. मोठी नोट पुढे केली की जिन्यावर मागे रांग थांबते.